नलूताईंची मेथी

दुपारी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये मशिनमधून तिकीट काढत होते, तेवढ्यात इराचा फोन आला. "आई, घाई करू नकोस. नलूमावशी बाहेर येणार नाही आता. नर्सने सांगितला." इरा माझी मुलगी, लेस्टरमध्येच जन्मलेली, तिच्या मराठीतली लिंगं-वचनं आम्ही केव्हाच देवावर सोडून दिली आहेत. पण 'गेल्या' हा शब्द टाळून तिने जे वाक्य निवडलं ते नलूताईंच्या बाबतीत अगदी नेमकं होतं. मी हातात तिकीट धरून तशीच उभी राहिले, शेवटी रांगेतल्या माणसाने अदबीने खाकरून मला बाजूला केलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, आणि आता कुठे मला लिहायला बसावंसं वाटतंय.

नलूताई म्हणजे निवृत्त भूलतज्ज्ञ, एकट्या राहणाऱ्या, तुटक बोलणाऱ्या. पुण्यात मेडिकलच्या मुलींच्या ज्या होस्टेलमध्ये मी राहिले, तिथेच माझ्या कितीतरी आधी त्याही राहून गेलेल्या. त्या होस्टेलातून निघून इंग्लंडच्या हॉस्पिटलांत विखुरलेल्या आम्हा बायकांचं एक माजी विद्यार्थिनी मंडळ आहे. आधी आम्ही वर्षाकाठी एकदा भेटून पुरणपोळ्या हाणायचो आणि वॉर्डनबाईंच्या नकला करायचो. मग कुणाच्या तरी मनात आलं की इथल्या मुलींसाठी काहीतरी करू या. लेस्टरमधल्या देशी दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडच्या मागचा एक हॉल शनिवारी मिळाला. सगळ्या डॉक्टर पडलो, त्यामुळे जे येत होतं तेच केलं : लेक्चरं झोडली. मेडिसिनला कसं जावं, इंटरव्ह्यूत कसं बसावं, स्लाइड्स आणि हँडआउट्ससकट. मुली यायच्या, बटाटेवडे खायच्या, थँक यू म्हणायच्या आणि पुन्हा तोंड दाखवायच्या नाहीत. आम्ही त्याचा दोष वड्यांना द्यायला लागलो होतो.

एका मीटिंगला कोपऱ्यात बसलेल्या नलूताई म्हणाल्या, "आपण होस्टेलमध्ये गेलो तेव्हा कुणी लेक्चर दिलं होतं गं? पाठराखीण दिली होती ना?"

पहिल्यांदा सासरी निघालेल्या मुलीबरोबर जाते ती पाठराखीण. आमच्या होस्टेलात नव्या मुलीला एक सीनियर मिळायची, तिलाच हे नाव पडलेलं. पहिलं डिसेक्शन असो नाहीतर पहिली तोंडी परीक्षा, कुठेही पहिल्यांदा जायचं तर ती सोबत यायची आणि दाराबाहेर बसायची. आत डोकावायचं नाही. मुलगी बाहेर येईपर्यंत उठायचं नाही. आणि ती आली की 'कसं झालं?' हे विचारायचं नाही... मला त्या वेळी हा तिसरा नियम सगळ्यात विचित्र वाटायचा. तर लेस्टरमध्ये आम्ही लेक्चरं गुंडाळली आणि पाठराखणी झालो. कुणाचा कॉलेजचा इंटरव्ह्यू, कुणाची ड्रायव्हिंग टेस्ट, एकीची तर फॅमिली कोर्टातली तारीख. मुली टिकायला लागल्या. गुजराती आल्या, पंजाबी आल्या, इंग्लिश आल्या, आणि 'पाठराखीण' हा शब्द त्यांच्या तोंडात कसाबसा का होईना, बसला.

बाकीच्या आम्ही बाहेर बसून मासिकं चाळायचो. नलूताई मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायच्या. कॉलेजच्या लॉबीत, कोर्टाच्या बाकावर, कुठेही. मी एकदा न राहवून म्हटलं, "नलूताई, पुस्तक तरी आणा हो." त्या म्हणाल्या, "पुस्तक वाचताना आपण कुणासाठी बसलोय ते विसरायला होतं. रिकामं बसलं तर पोरीला वाटतं, हिला ताटकळत ठेवलंय. मेथी बरी. आणि बसायची मला सवय आहे. भूल देणाऱ्याचं काम काय, तर पेशंट जागा होईपर्यंत उशाशी बसणं."

इराच्या ए-लेव्हल्सच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या वर्षी माझ्यावरच वेळ आली. पहिल्याच पेपरला ती हॉलमधून उठून आली. हात इतके थरथरत होते की पेन धरवेना. मग तिने खोलीचं दार लावून घेतलं. जेवण दाराशी ठेवायचं, थोड्या वेळाने ते तसंच उचलायचं. उरलेले पेपर गेले तर वर्ष जाईल ही भीती मला वाटतच होती, पण त्याहून मोठी भीती अशी की माझी पोर त्या दारामागून परत येणारच नाही. मी डॉक्टर आहे, ही लक्षणं मला पाठ होती, आणि तरी मी स्वयंपाकघरात उभी राहून नुसती रडत होते.

नलूताई आल्या. दाराबाहेरून इराशी काय बोलल्या कोण जाणे, दुसऱ्या दिवशी सकाळी ती युनिफॉर्म घालून खाली आली. मी गाडीची किल्ली उचलली तर नलूताई म्हणाल्या, "तू नको."

"अहो, मी तिची आई आहे."

"म्हणूनच. तू दाराशी बसलीस की तिला आत दोघींची भीती सांभाळावी लागेल."

मला तेव्हा त्यांचा मनस्वी राग आला होता. उरलेल्या प्रत्येक पेपरला त्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये व्हिजिटरचा बिल्ला लावून बसल्या. आमच्याकडे त्या महिन्यात मेथीच मेथी होती. इरा पास झाली, फिजिओथेरपी शिकायला लीड्सला गेली, तिथेच नोकरीला लागली. त्या कॉरिडॉरमध्ये नक्की काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि नियमाप्रमाणे मीही विचारलं नाही.

या हिवाळ्यात नलूताईंचा न्यूमोनिया बळावला. व्हेंटिलेटरवर ठेवलं, त्यासाठी झोपेचं औषध चालू... आयुष्यभर दुसऱ्यांना भूल दिलेली बाई. आत फारसं कुणाला सोडत नव्हते. संध्याकाळी मी गेले तर आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर मुली बसलेल्या. आता बायकाच म्हणायला हव्यात त्यांना. कुणी ऑफिसमधून तशीच आलेली, कुणाचं बाळ प्रॅममध्ये. आम्ही कुणालाही बोलावलं नव्हतं. नर्स म्हणाली, इथे थांबून काही उपयोग नाही, घरी जा, फोन करू. त्यातली एक इंग्लिश मुलगी म्हणाली, "वी कान्ट. शी हॅजन्ट कम आउट येट." दुसऱ्या दिवशी इरा लीड्सहून आली, बेलग्रेव्ह रोडवरून मेथीच्या जुड्या घेऊन. कॉरिडॉरभर वर्तमानपत्रं पसरली गेली. पाळ्या लावून त्या बसल्या, शेवटच्या दुपारपर्यंत. मी इतकी वर्षं या देशात मोठमोठे सर्जन पाहिले, मानसन्मान पाहिले. पण एका माणसाने एवढं काही मागे उभं केलेलं मी पाहिलं नव्हतं. मला त्या खुर्च्यांसमोर वाकावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी इराने ती सगळी मेथी घरी आणली आणि स्वतःच भाजी टाकली. लसूण परतताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "नलूमावशी बसली त्या पहिल्या पेपरला पण मी पुन्हा बाहेर आले होते, आई. इन्व्हिजिलेटर दारात उभी होती. नलूमावशीने वर बघितलं पण नाही. She just moved the newspaper, अर्धा माझ्या मांडीवर. मी थोडी मेथी निवडली. हात थांबले थरथरायचे. And then I went back in." कुणाला निवडायचा सराव नसल्याने भाजीत देठं राहिली होती, जून आणि कडू. आम्ही सगळी खाल्ली.

गेल्या आठवड्यात तिचा लीड्सहून फोन आला. "उद्या दुपारी मी फोन नाही उचलणार. क्लिनिकमधली एक मुलगी आहे, तिची इंटरव्ह्यू आहे. मी बाहेर बसते."

"किती वाजेपर्यंत?" मी सवयीने विचारलं.

"ती बाहेर येईल तोपर्यंत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच फोन केला. त्या मुलीचं काय झालं हे जिभेच्या टोकावर होतं. मी तिला मेथी कशी निघाली तेवढंच विचारलं.