अप्पांच्या वायफायचा पासवर्ड

आधीच सांगते, माझा धंदा वायरलेस कॅमेरे बसवायचा. लोकांना फुटेजमध्ये दिसणारी 'पांढरी आकृती' म्हणजे लेन्ससमोरचं कोळ्याचं जाळं असतं, हे मी नाशकात कितीतरी घरांत फडक्याने पुसून सिद्ध केलंय. भूतबीत मानणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केलीय. त्यामुळे आता तुम्ही माझी केलीत तरी चालेल...

माहेर कुंभकोणमजवळ साक्कोट्टैला. आम्ही तंजावरकडचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात पूर्वज तिकडे गेले ते परतलेच नाहीत. बाहेर तमिळ, घरात आमचं जुनं मराठी, आणि ते मराठी लिहायचं मात्र तमिळ अक्षरांत. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा मी 'गप्प बस' ऐवजी 'उगे बैस' म्हणाले, तर आत्येसासूबाईंनी विचारलं, "कुठल्या बखरीतून आलीस गं?" सगळे हसले. तेव्हापासून ते मराठी मी पेटीत घालून ठेवलं होतं.

अप्पांना जाऊन दीड वर्ष झालं. अम्मा एकटीच राहते. गेल्या महिन्यात ती मागच्या अंगणात घसरून पडली आणि तासभर कुणाला कळलं नाही. माझा धाकटा भाऊ रघू बेंगळुरूला असतो. त्याने निकाल देऊन टाकला – घरात कॅमेरे लागले आणि माझ्या फोनवर दिसले तर राहू दे, नाहीतर मी येऊन तिला घेऊन जाणार. मी कॅमेरे घेऊन माहेरी पोचले, तो त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीने पोचणार होता. अम्मानं गावातलं घर सोडायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. तिथे बेंगळुरूत अकराव्या मजल्यावर ती रांगोळी कुठे काढणार?

मी म्हटलं, हात्तिच्या, अर्ध्या तासाचं काम.

सकाळचे अकरा वाजलेले. हॉलमध्ये, नाचियारकोविलच्या पितळी दिव्याशेजारी पहिला कॅमेरा ठेवला, अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपने वायफायचा पासवर्ड मागितला. राउटर अप्पांनी स्वतः बसवलेला, पासवर्डही त्यांचाच. अम्माकडे साधा बटणांचा फोन, त्यामुळे तिला माहीत असायचं कारण नाही. तिने कॅलेंडरच्या मागे अप्पांनी लिहिलेलं दाखवलं – तमिळ अक्षरांत एक शब्द, पुढे चार आकडे.

आता गंमत बघा. पासवर्ड टाकायचा इंग्रजी अक्षरांत, आणि तमिळमध्ये क, ख, ग, घ यांना मिळून एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. तमिळ माणूस तो शब्द 'कोडी' वाचेल, म्हणजे कोटी. मराठी माणूस काय वाट्टेल ते वाचेल! कोडी टाकलं. कॅमेरा आपल्या यांत्रिक बाईच्या आवाजात बोलला, "कनेक्शन फेल्ड. प्लीज ट्राय अगेन." गोडी. फेल्ड. घोडी, कोठी, गोटी... प्रत्येक शब्द i, ee, y अशा तीन-तीन तऱ्हांनी लिहायचा, प्रत्येक वेळी दीड-दोन मिनिटं वाट पाहायची आणि त्या बाईचं तेच ऐकायचं. एक वाजला. नाशकात जिला लोक 'मॅडम' म्हणतात ती मी, आईच्या घरी घामाघूम.

शेवटी मी पिन घेतली. राउटरचं रीसेटचं बटण दाबायचं, की अप्पांचं सगळं पुसलं जाणार. वर कंपनीचा माणूस येईपर्यंत दोन दिवस नेट बंद, म्हणजे संध्याकाळी रघू आला की संपलंच. पण डोकं सरकलं होतं माझं.

"ते पुसू नक्को," अम्मा म्हणाली. "त्यांच्या हातचं तेवढं येकच अहे."

"मग काय करू, अम्मा? तूच सांग!" मी ओरडलेच. पिन राउटरच्या भोकाला लावली –

आणि कॅमेरा बोलला. त्याच बाईच्या त्याच सपाट आवाजात.

"खोडी, उगे बैस."

हातातली पिन खाली पडली.

लहानपणी मी हाताला लागेल ते उघडायची. टॉर्च, घड्याळ, शिवणयंत्र. अप्पा मला 'खोडी'च म्हणत. अकरा वर्षांची असताना बंद पडलेला रेडिओ उघडला आणि तो पुन्हा वाजला. त्या दिवसापासून अप्पांनी मला माझ्या खऱ्या नावाने, सुगुणा अशी हाक मारायला सुरुवात केली. खोडी हे नाव मी पार विसरले होते. बापाने ते जपून ठेवलं होतं, तेही कुठे, तर वायफायवर!

अम्मा मुळीच घाबरली नाही. पदर सारखा करून म्हणाली, "ऐकलीस कि? अप्पा तुज सांगताहेत."

मी k-h-o-d-i टाइप केलं, पुढे ते चार आकडे. (आकडे सांगणार नाही, धंदा कॅमेऱ्यांचा आहे माझा.) मिनिटभरात बाई इंग्रजीत म्हणाली, "कनेक्टेड."

संध्याकाळी गाडीतून उतरता उतरता रघूने फोनवर पाहिलं, तर अम्मा कॅमेऱ्यासमोर उभी राहून त्याला हात करत होती. घरी आल्यावर त्याने अम्माचं सामान भरायला आणलेली बॅग उघडलीसुद्धा नाही, दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. अम्मा मात्र सगळ्या गल्लीला तमिळमध्ये सांगत सुटली – माझ्या मुलीने बसवलेल्या मेषिनला आमचं मराठी येतं!

कॅमेऱ्याच्या कंपनीला विचारलं. त्या मॉडेलमध्ये इंग्रजी, हिंदी आणि चिनी एवढ्याच भाषा आहेत. पुण्या-नाशकाचंच मराठी नाही, तर आमचं कुठून असणार? तुम्ही म्हणाल, भास. दोघींना एकदम? किंवा म्हणाल, पुढचा अंदाज 'खोडी'च लावला असता. असेलही. पण 'उगे' कुठून आलं? आता नाशकातही मी बिनदिक्कत 'उगे बैस' म्हणते. हसणाऱ्यांनी हसावं.

धंद्यातले मित्र म्हणतात, तो कॅमेरा उघडून तरी बघ, आत काय आहे ते. आयुष्यात हाती आलेली प्रत्येक वस्तू मी उघडून पाहिली. हा एक कॅमेरा उघडणार नाही. मला उगे बसायला सांगितलंय.