कमांडरची नूरबहार

कमांडरचं विमान कधी पडत नसे. ते बुडत असे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या लढाईत पंख फाटून डोंगरावर आदळलं, तरी खुर्चीत मागे रेलून तो शांतपणे म्हणायचा, "बुडला, मालक." डोंगरावर विमान कसं बुडेल, असं मी एकदा विचारून पाहिलं. तेव्हा त्याने पडद्याकडे बोट केलं. आदळलेलं विमान क्षणभर धुमसलं आणि खेळाच्या नियमाप्रमाणे नाहीसं झालं. "पडलेला सापडता," तो म्हणाला. "ह्या सापडत नाय. म्हंजे बुडला." मी हसलो होतो.

रत्नागिरीत इंटरनेट नवं होतं, तेव्हा मी मारुती मंदिराजवळ नेट कॅफे टाकलं होतं. जुने कॉम्प्युटर, एकच फोनलाइन आणि खडखडणारा पंखा, असा सगळा थाट. कमांडर मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. सुटला की घरी न जाता सरळ माझ्याकडे यायचा. डब्याच्या पिशवीतून फ्लॉपी काढायचा, त्यांना सुक्या बोंबलाचा वास यायचा आणि माझं डोकं फिरायचं. घर मिरकरवाड्याला, मच्छीमार बंदराशेजारी. बाप, चुलते सगळे दर्यावर जाणारे. थोरला भाऊ स्वतःच्या लाँचवर तांडेल, म्हणजे तिचा कप्तान. हा एकटाच असा, की होडी बंदराच्या बाहेर पडली की ओकायला लागायचा. "दर्याने मना थुकून टाकला, म्हणून शाळेत गेलो," असं तो स्वतःच सांगायचा. कमांडर हे नाव कॅफेतल्या पोरांनी थट्टेने ठेवलेलं. त्याला ते मनापासून आवडलं होतं.

त्या काळच्या हवाई लढाईच्या खेळांत इंग्रजांची, जर्मनांची, अमेरिकनांची विमानं असत, आपली नसत. कमांडरला हे सहन होईना. मग तो स्वतःच बनवायला लागला. आधी सांगाडा, मग त्यावर रंग, मग वजन, पंखांची लांबी, इंजिनाची ताकद यांचे आकडे. पुण्याला चुलतबहिणीच्या लग्नाला गेला आणि जेवणाच्या पंगतीतून गायब झाला. शेवटी सापडला तो कुठल्याशा चौकात मांडलेल्या जुन्या लढाऊ विमानाला टेप लावताना, आणि पहारेकरी त्याच्या नावाने शंख करतोय. तयार विमान तो एका परदेशी वेबसाइटवर टाकायचा. तिथून जगातला कुणीही ते फुकट उतरवून घ्यायचा आणि आपल्या खेळात उडवायचा. पाठवताना मध्येच फोन वाजला की लाइन तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. मी ओरडायचो, की एवढ्या मेहनतीचे पैसे तरी घे. "मासे विकायचे, मालक," तो म्हणायचा, "विमाना वाटायची."

आता नावांचं सांगतो, कारण सगळं तिथून बिघडलं. विमान रंगवून झालं की त्याच्या नाकाडावर तो एक नाव घालायचा. बिननावाची होडी पाण्यात लोटत नाहीत, मग बिननावाचं विमान हवेत कसं सोडायचं, हा त्याचा हिशेब. आणि नावं कुठली? जी लहानपणापासून डोळ्यांसमोर होती तीच. सागरलक्ष्मी, भगवतीप्रसाद, नूरबहार. बंदरातल्या लाँचींच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगारी काढतात तशाच तिरक्या, सावली दिलेल्या देवनागरी अक्षरांत. परदेशातले लोक विचारायचे, हे काय लिहिलंय? मग हा इंग्रजीत लांबलचक सांगत बसायचा, की ही अमुक तांडेलाची होडी, ती सुरमईला जाते. नूरबहार भावाची. तिचं विमान त्याने सगळ्यांत जीव लावून केलं होतं, आणि लोकांनी उतरवून घेतलंही सगळ्यांत जास्त.

त्यांच्या वाडीत एक रीत होती, ती मला फार उशिरा कळली. एक नाव एकाच होडीला. होडी मोडीत निघाली किंवा गेली, तरच ते नाव दुसरीला द्यायचं. जिवंत होडीचं नाव दुसरीला दिलं, तर दोघींतली एकच परत येते, असं ते मानत. कमांडरला ही रीत पाठ होती. पण विमान म्हणजे होडी थोडीच, असं त्याला वाटलं. विमानाला "बुडला" म्हणणाऱ्या माणसाला असं वाटावं, याचं मला आजही नवल वाटतं.

एका संध्याकाळी त्यांच्याच वाडीतला एक खलाशी दुबईतल्या मेव्हण्याशी बोलायला कॅफेत आला. शेजारच्या पडद्यावर पोरं खेळत होती, आणि सागरलक्ष्मी पेटून समुद्रात कोसळत होती. नाव स्पष्ट वाचता येत होतं. तो खलाशी मेव्हण्याशी न बोलताच उठून गेला. पुढच्या आठवड्यात खऱ्या सागरलक्ष्मीचं जाळं खडकात अडकून गेलं. मग भगवतीप्रसादचं इंजिन भर दर्यात बंद पडलं आणि तिला ओढत आणावं लागलं. असलं काही दर हंगामात होतंच, हे मी ज्याला त्याला सांगत सुटलो. बंदरावर कुणी ऐकेना. कमांडर समोरून आला की खलाशी जाळी विणता विणता मान खाली घालायला लागले.

मग त्याची अम्मा आली. डोक्यावरचा पदर सावरत कॅफेच्या पायऱ्या चढली आणि दारातच उभी राहिली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

"दाखव मना," ती मुलाला म्हणाली.

त्याने नूरबहार दाखवली. ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं, एवढं सुंदर काम बघून तिचा राग जाईल.

"ह्या कुणाकुणाकडे गेला?"

"दुनियेत गेला, अम्मा. लोक घेऊन जातात."

"मग परत बोलव."

"दिलेला परत येत नाय, अम्मा. त्यांच्याकडे हाय आता."

"कितीजणांकडे?"

कमांडरला ते खरंच माहीत नव्हतं. अम्मा आली तशी पायऱ्या उतरून गेली.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस दुपारपासून वारं फिरलं. रेडिओवर इशारा आला तेव्हा बहुतेक लाँची परतीला लागल्या होत्या. नूरबहार लांब गेली होती. कमांडर कारखान्यातून अर्ध्या दिवसाने सुटून भिजत माझ्याकडे आला. "लाइन चालू हाय?" एवढंच विचारलं. वेबसाइटवाल्याला लिहून त्याने विमान काढून टाकायला लावलं. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतलं होतं, त्यांचं काय? मग जिथे हे सगळे विमानवेडे गप्पा मारत, तिथे त्याने निरोप टाकला: माझा भाऊ समुद्रात आहे. मी सांगेपर्यंत नूरबहार उडवू नका. उडत असेल तर उतरवा.

मला वाटलं, लोक याला वेड्यात काढतील. एक-दोघांनी काढलंच. पण नॉर्वेतल्या एका निवृत्त शाळामास्तराचं उत्तर आलं. त्याचा बाप मासेमारी करायचा. त्याने लिहिलं होतं, "उतरवलं आहे. तुम्ही सांगेपर्यंत हलवणार नाही." सोबत चित्र होतं: बर्फाळ धावपट्टीवर उभी नूरबहार, इंजिन बंद. मग आणखी चित्रं यायला लागली. कुणाच्या वाळवंटात, कुणाच्या बेटावर, सगळीकडे ती नुसती उभी. बाहेर वीज कडकडत होती आणि हा एकेक चित्र उघडून बघत होता.

शेवटी एक चित्र आलं, कुणा टवाळाने पाठवलेलं. त्यात नूरबहार जळत होती. खाली लिहिलं होतं, "सॉरी, उशीर झाला."

कमांडर उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि पावसात निघून गेला. मी हाका मारल्या, त्याने वळून पाहिलं नाही.

बाकीच्या लाँची आल्या. काही जयगडच्या आसऱ्याला थांबल्या होत्या, त्याही आल्या. नूरबहार आली नाही. शोध झाला, बाकीचे तांडेल आपापल्या लाँची घेऊन फिरले. फळी नाही, जाळ्याचा तरंगता बोया नाही, काही नाही. अम्माने घरात मेलेल्यासाठी पढतात तो फातिहा पढू दिला नाही. "काय सापडला नाय, तर कोण गेला म्हणतो?" असं ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची. तिने मुलाला एका शब्दाने दोष दिला नाही, आणि त्यामुळेच तो जास्त खचला. बंदरावर त्याच्याशी कुणी भांडलं असतं तरी बरं झालं असतं.

दोनेक वर्षांनी त्याला मस्कतला नोकरी लागली. जायच्या आदल्या दिवशी तो कॅफेत आला. त्या मास्तराचा निरोप येऊन पडला होता: "तुमचे भाऊ आले का? विमान अजून तिथेच उभं आहे. आता उडवू का?"

कमांडरने कीबोर्ड पुढे ओढला. उडवा म्हणायचं, तर भाऊ गेला हे स्वतःच्या हाताने लिहायचं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "लिही रे, मोकळा हो." मला त्या क्षणी त्याचा राग आला होता, त्याच्या रीतींचा, त्या बंदराचा, सगळ्याचा. त्याने दोनच शब्द लिहिले: अजून नको. मग म्हणाला, "मालक, मी तिकडे गेलो की ह्याला तू जबाब देत जा."

कॅफे कधीच बंद झालं. कमांडर मस्कतहून फोन करतो, तिथल्या उकाड्याबद्दल बोलतो, माझ्या मुलांची चौकशी करतो. विमानं त्याने पुन्हा केली नाहीत. मी असल्या गोष्टी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. पण बाजारात अम्मा भेटते; मास्तराकडे बर्फात उभ्या असलेल्या नूरबहारचं कमांडरने तिला सांगून ठेवलेलं. आता तिला नीट दिसत नाही, माझा आवाज ओळखून थांबते आणि हळूच विचारते, "ती तिकडे उभीच हाय ना?"

"उभीच आहे, अम्मा," मी सांगतो.

मग घरी येतो, आणि म्हाताऱ्या मास्तराचा निरोप आलेला असला, तर त्याला लिहितो: अजून नको. का, असं त्याने एकदाही विचारलेलं नाही.