दुपारी उघडं असलेलं दार

संघप्रियाला दारांचं भारी कुतूहल. नक्षीकामाचं वगैरे नव्हे. ते असतंच किती घरांना? कडी वर आहे की खाली, खटका सहज सरकतो की गंजलेला, दार उघडणारा आधी खिडकीतून डोकावतो की सरळ कवाड ढकलतो, असल्या गोष्टी ती बघत राहायची. पोखर्णीच्या वाटेवरच्या गावांत ती विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायची. मीटर बाहेर, ओसरीच्या भिंतीला. मोबाइलवर त्याचा फोटो काढला की काम संपलं. त्यामुळं शेकडो घरं तिला माहीत होती, पण उंबऱ्यापर्यंतच. आत काय शिजतंय, कोण कुणावर ओरडतंय याचा अंदाज बांधत ती स्कूटीला किक मारायची.

या कुतूहलाचा तिला तापच जास्त. "मावशी, दुपारचं घरी कोण असतं तुमच्या?" असं सहज विचारलं तरी बायका तिच्याकडं चोराची खबरी असल्यासारखं बघत. एका म्हातारीनं तर उत्तराऐवजी कुत्रं सोडलं होतं. संघप्रिया हसली आणि कुत्र्याचं नाव विचारून घेतलं.

उन्हाळा लागला तेव्हा असल्याच एका गावाबाहेरच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरापाशी, तिला मीटर थंड पडलेलं दिसलं. आत कूलर मात्र धडधडत होता. वर बघितलं तर तारेवर सरळ आकडा टाकलेला. तिनं फोटो काढला आणि कामाच्या रीतीप्रमाणं पुढं पाठवला. वायरमननं आकडा उतरवला, कनेक्शन तोडलं. आखाड्याचा मालक चंद्रभान, तिशीतला गडी. पुढच्या फेरीला तो रस्त्यात आडवा आला.

"माझ्या घरात अंधार केलास," तो म्हणाला. "तुझ्या घरात उजेड कसा ऱ्हातो तेच बघतो आता."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला भीतीपेक्षा नवलच वाटलं. माणूस असं नुसतं बोलतो की करतोही? उत्तर लवकर मिळालं. पिंगळीला स्टेशनाकडं जाणाऱ्या गल्लीत तिचं घर. घरात ती आणि आई लक्ष्मीबाई, दोघीच. एका संध्याकाळी समोरच्या चहाच्या हॉटेलात चंद्रभान बसलेला. चहा कधीच संपला होता, तरी तो उठेना. दाराकडं बघत होता. त्या रात्री संघप्रियाला झोप लागली नाही.

आईनं तर हायच खाल्ली. "कुनापाशी बोलू नगं," ती म्हणाली. "पोरीचं नाव खराब व्हायला टाइम लागत न्हाई. ती गाडी ठिव घरात अन् दुसरं काम बघ."

गाडी ठेवायची म्हणजे सगळंच ठेवायचं. बाप गेल्यावर घर त्या स्कूटीवर चाललं होतं, आणि पोरगी जिवंत वाटायची तीसुद्धा त्या स्कूटीवरच. ते काही तिच्या गळी उतरेना. मग तिनं आईच्या सांगण्याच्या नेमकं उलट केलं. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना सांगितलं, हॉटेलवाल्याला सांगितलं, चंद्रभानच्या गाडीचा नंबर चार लोकांच्या मोबाइलमध्ये टाकला. दारावर साखळी बसवली. बाहेरचा दिवा सांज होताच लागायला लागला, आणि आवाज ओळखल्याशिवाय कडी काढायची नाही असं ठरलं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बुद्धभूषण सरांनी तिचा फोन स्वतःच्या फोनला जोडून घेतला. ती कुठं आहे ते त्यांना नकाशावर दिसायचं.

"साऱ्या गल्लीला कळलं की गं," आई कपाळाला हात लावून म्हणाली.

"कळावं म्हनूनच सांगायले, माय."

रस्त्याचं काय करायचं ते तिनं स्वतःच ठरवलं. गावांचा क्रम रोज बदलायचा, आणि वेळ आलीच तर मोकळ्या रस्त्यावर पळायचं नाही, माणसांत शिरायचं. कुठल्या दारात? इथं तिचं जुनं वेड कामाला आलं. दुपारच्या उन्हात गावंच्या गावं दारं लोटून पडलेली असतात. अशा वेळी कुणाचं दार उघडं, कुणाकडं दोन सुना घरी, कुणाची म्हातारी ओसरीवरच झोपते, हे सगळं तिनं डोक्यात मांडून ठेवलं. चंद्रभानच्या गावात अशी तीन दारं तिनं निवडली. आबासाहेबांचं घर मात्र त्यात धरलं नाही. घर मोठं, लोखंडी फाटकाचं, जमीनजुमल्याचं. त्यांचं मीटर फाटकालगतच्या भिंतीला, त्यामुळं ओसरीची पायरी ती कधी चढली नव्हती. चढू नको असं कुणी म्हणालं नव्हतं. ये, बस, असंही कुणी म्हणालं नव्हतं. बौद्धवाड्यातल्या पोरीला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मे महिन्यातली दुपार. गावाच्या अलीकडं तिला आरशात मोटारसायकल दिसली. चालवणाऱ्याच्या तोंडाला रुमाल. पण परभणीच्या उन्हात रुमाल कुणाच्या तोंडाला नसतो? खरंच मागं आहे, की आपल्यालाच भास? तिनं वेग कमी केला. त्यानंही केला. लिंबाखाली थांबून फोन आल्याचं सोंग केलं, तर तोही मागं थांबला, एक पाय जमिनीला टेकवून. आता शंका उरली नाही. तिनं सरांना फोन लावून एवढंच सांगितलं, "माझ्या मागं हाय तो, मी गावात शिरायले," आणि गाडी वळवली.

पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या घरची ओसरी रिकामी, म्हातारीची बाज भिंतीला उभी. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: आज दाट लग्नतिथी! सगळं गाव वऱ्हाडाच्या गाड्यांत बसून जिंतूरला गेलेलं. इतकी चौकस पोरगी, सगळ्या गावाच्या कड्या पाठ, आणि लग्नसराई तेवढी विसरली. मागून मोटारसायकलचा आवाज गल्लीत शिरला.

एकच फाटक उघडं होतं. आबासाहेबांचं.

तिनं स्कूटी तशीच आडवी टाकली. पायरी चढली, ओसरी ओलांडली, चपलेसकट थेट माजघरात शिरली आणि उभी राहिली. आत पाच-सहा बायका पोळपाट मांडून उडदाचे पापड लाटत होत्या. पीठ आदल्या दिवशीच भिजलेलं, ते लग्नासाठी थोडंच थांबणार? म्हणून आबासाहेबांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, नवऱ्याला एकट्यालाच वऱ्हाडात पाठवून आजूबाजूच्या बायका गोळा केल्या होत्या. सगळी लाटणी थांबली.

"कोन गं तू? काय झालं?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"मावशी, मी मीटरवाली. एक माणूस मागं लागलाय."

एवढ्यात ओसरीवरून हाक आली, "काकू! तिला भाईर पाठवा. लाईटीचं बोलायचंय जरा."

काकू! निम्म्या गावाचं आडनाव एकच. हा पार्वतीबाईंचा सख्खा पुतण्या निघेल हे तिला कुठून कळणार? सापाला भिऊन धावली आणि पाय नेमका त्याच्या बिळावर पडला, असं तिला झालं. तिनं परसदाराकडं नजर टाकली. पार्वतीबाई कंबरेवर हात ठेवून उठल्या, दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"चंद्या, रुमाल काढ तोंडाचा."

त्यानं काढला.

"आता बोल. आमीबी ऐकतो."

"तसं न्हाई, काकू. तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

"एकटीशी कामून? लाईट काय तिच्या एकटीची हाय?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. चंद्रभानचा चेहरा उतरला. तो काहीतरी पुटपुटला, फाटकावर लाथ मारली आणि मोटारसायकल काढून निघून गेला.

कुणीतरी तांब्याभर पाणी आणून दिलं. संघप्रिया उभ्यानंच प्यायली; निम्मं पाणी ओढणीवर सांडलं. पार्वतीबाई परत पोळपाटापाशी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "जाऊ दे बाई. घरचंच पोरगं हाय. म्या समजावते त्याला. तू काय पोलिसात-बिलिसात जाऊ नगं."

संघप्रियाला रडू यायच्या बेतात होतं, पण त्या वाक्यानं ते कुठल्या कुठं गेलं. तिला राग आला, चांगलाच राग आला.

"मावशी, तुमी त्याला आज समजावाल," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात ह्या रस्त्यानं मलाच यायचंय."

आणि तिनं सगळ्यांसमोर पोलिसांचा एकशे बारा नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन हातात धरला. पलीकडच्या बाईनं गाव विचारलं, घर विचारलं, सध्या सुरक्षित आहात का विचारलं. मग विचारलं, "त्याला पाठलाग करताना, धमकावताना आणखी कुणी पाहिलंय का?"

एकीनं खाली बघून पापडाची लाटी उगाच मळायला घेतली. संघप्रिया कुणाकडंच बघत नव्हती. हो म्हणावं तर ज्यांच्या घरात उभी त्यांनाच घरच्या पोराविरुद्ध साक्षीला ओढायचं, आणि नाही म्हणावं तर उद्यापासून गाडी घरात. फोनमधल्या बाईनं पुन्हा विचारलं, "ताई, ऐकताय ना? साक्षीला कुणी आहे?"

पार्वतीबाईंनी पदराला हात पुसले आणि फोन मागितला.

"बोला," त्या फोनमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. "म्या हाय. म्या बघितलं, ह्या सगळ्यांनी बघितलं. आमच्या दारापस्तोर आला व्हता. चंद्रभान नाव हाय. माझा पुतण्या हाय, तेबी लिवा."

"आणि तक्रार करणाऱ्या ताईंचं नाव?"

वर्षानुवर्षं दर महिन्याला ही पोरगी त्यांच्या भिंतीशी उभी राहून गेली होती. त्यांनी फोनवर हात ठेवला, संघप्रियाकडं वळून बघितलं, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच अडखळला.

"पोरी, तुझं नाव काय गं?"