वलांडीखालचा वर्ग

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या बाईला राग शोभत नाही म्हणतात; मला तो येतो आणि भरपूर येतो. पण समुद्राकाठच्या नवापूरची ती दुपार आठवली की अजूनही उठून कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

करोनात शाळा बंद झाली तेव्हा माझ्या वर्गातली दहा वर्षांची एक मुलगी नुकतीच पाचपर्यंत मोजायला लागली होती. त्यासाठी आम्ही दोघींनी दीड वर्ष मणी मोजले होते. अशा मुलांचा रोजचा सराव सुटला की शिकलेलं हातचं जातं, मला तीच धास्ती. त्यात तिची आई, मासळी सुकवून विकणारी, फोनवर म्हणाली, "बाई, तिला काय जमत नाय. शाला उघडली तरी आता नाय पाठवनार. हितं माज्या हाताखाली तरी राहील."

"एक महिना द्या मला," मी म्हटलं. "रोज दहा मिनिटं, व्हिडिओ कॉलवर. मग तुम्ही म्हणाल तसं."

मणी शाळेच्या कपाटात अडकले होते. म्हटलं, दारात असेल ते मोजू. नवापूरला दिवाळीनंतर दारात काय असणार? बोंबील! अंगणात बांबूंना दोऱ्या बांधून केलेली वलांडी आणि तिच्यावर वाळत घातलेले बोंबील. आई एका दोरीवर थोडेच ठेवून फोन समोर धरायची. चित्र अडकत अडकत यायचं, पण लोंबणाऱ्या शेपट्या मला नीट मोजता यायच्या. चार.

"दोन," मुलगी म्हणायची.

"नाही. हात लावून मोज."

"दोन."

दुसऱ्या दिवशी दोन शेपट्या, तर म्हणे एक. आठवडाभर हेच. मी "चूक, चूक" करत राहिले आणि माझा आवाज चढत गेला. शेवटी फोन दिसला की ती वलांडीखाली जाऊन बसायला लागली. आई म्हणाली, "बगा, मी बोललेलं."

मला घरात बसवेना. दोन मास्क चढवले, सरावलीहून स्कूटर काढली आणि तडक नवापूर गाठलं. मायलेकी ओल्या बोंबलांच्या टोपलीशी कामात होत्या. मला पाहताच मुलीने मान खाली घातली. मी गप्प राहिले. शहाणपणाने नव्हे, धाप लागली होती म्हणून. तेवढ्यात तिने एक बोंबील उचलला, दुसरा उचलला, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला, ती जोडी दोरीवर टाकली आणि पुटपुटली, "एक." मग दुसरी जोडी. "दोन."

मी किंचाळलेच! शेजारची दोन कुत्री उठून पळाली.

"जोडी म्हणजे एक?" मी आईला विचारलं.

"मग? एकटा बोंबील दोरीवर राहील कसा? आमी सगले असंच मोजतो."

"अहो, मग मी रोज चूक म्हणत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, शालेतलं मोजनं वेगलं असंल. तुमी बाई ना. तुमी चूक बोलला, म्हनून मी पन तिला दोनदा मारलं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण खोटं कशाला सांगू, त्या लाजेच्याही वर आनंद उसळत होता. पोरगी काहीही विसरली नव्हती. माझं मोजणं उचलून तिने ते घरच्या कामाला लावलं होतं, आणि मी एवढी ओरडले तरी आपलं खरं उत्तर सोडलं नव्हतं.

मी टोपलीशी फतकल मारून बसले. "चूक माझी होती," मी तिला म्हटलं. "तू बरोबर. मोज."

तिने आधी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. एक, दोन, तीन, चार, पाच. तिथे ती थांबली, कारण पुढचं मी शिकवलंच नव्हतं. पुढची जोडी हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली, दोरीवर टाकली आणि म्हणाली, "सहा."

आईचे हात थांबले. तिने ते पदराला पुसले आणि मुलीच्या गालावर ठेवले.

"बाई," मग तिने विचारलं, "शाला कदी उघडनार?"