सावली ठेवून आत जायचं

माझी कुमारांसाठीची कादंबरी प्रकाशित झाली त्या संध्याकाळी सभागृहात एकही कुमार नव्हता. कुमारी होत्या, पण माझ्यासारख्या, साठी ओलांडलेल्या. बाकीची मंडळी पुण्यातल्या कुठल्याही मोफत कार्यक्रमाला वेळेआधी येऊन पंख्याखालची खुर्ची पकडणारी. एका आजोबांनी मला दारातच हटकलं, "मुलांसाठी लिहिलंय म्हणता, मग मुलं कुठायत?" मी म्हटलं, "क्लासला असतील." "मग ती वाचणार कधी?" असं विचारून ते पंख्याखाली जाऊन बसले. उत्तराची त्यांना गरज नव्हती.

खरं सांगायचं तर मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मी सारखी दाराकडे बघत होते ती दादासाठी. माझा हा थोरला भाऊ वहिनीला घेऊन लोणी काळभोरहून निघाला होता आणि हडपसरच्या गर्दीत अडकला होता. इकडे प्रमुख पाहुणे पुस्तकांच्या गठ्ठ्यावरची चंदेरी रिबीन सोडत होते. गाठ काही सुटेना, कुणीतरी कात्री शोधायला धावलं, आणि त्या गोंधळात दादा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आत आला. मला इतकं बरं वाटलं की पाहुण्यांनी पुस्तक उलटं धरलंय हे फोटो हातात येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

कारण ही कादंबरी मुळात दादाची होती. त्याला ते ठाऊक नव्हतं. मी मुद्दामच सांगितलं नव्हतं. त्यानं ती स्वतःहून ओळखावी, एवढीच माझी इच्छा होती.

आम्ही खडकीत वाढलो. बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे राहायला क्वार्टर मिळालं होतं. सगळ्या इमारती एकसारख्या पिवळ्या, भिंतीवरचा नंबर वाचल्याशिवाय आपलं घर सापडायचं नाही. कारखान्याचा भोंगा वाजला की आई घड्याळ लावायची. दादा मला सांगायचा, तो भोंगा नाहीच. कारखान्याखाली एक जनावर झोपलंय, ते जांभई देतं. चाचणीचा स्फोट होऊन खिडकीच्या काचा थरथरल्या, की समजायचं, त्यानं कूस बदलली. त्याच्या अंगाखाली एक अख्खं राज्य आहे आणि ते जागं होऊ नये म्हणून तिथली माणसं कुजबुजतच बोलतात. राज्याचं दार आमच्या क्वार्टरच्या मागेच होतं. पाण्याच्या पाइपावरचं एक लोखंडी झाकण. दारावर पहारेकरी, आणि आत जायचं तर आपली सावली त्याच्याकडे ठेवून जायची. म्हणून जायचं ते भर दुपारी. तेव्हा सावली एवढीशी असते, म्हणजे आपलं फार काही मागे राहत नाही. डाव्या पायातली चप्पल काढून हातात घ्यायची आणि पाय झाकणावर टेकवायचा. मे महिन्यात ते झाकण तव्यासारखं तापलेलं असायचं. चटका बसला की आपण आत.

हे सगळं दादानं रचलेलं. तो अकरा-बारा वर्षांचा असेल, मी त्याच्या मागे मागे फिरणारी शेपूट. माझ्याकडे एकच काम होतं, "पुढे काय?" असं विचारायचं.

मग एका सुटीत त्याला क्रिकेटच्या टीममध्ये घेतलं. गोष्ट ऐन रंगात येऊन थांबली होती. जनावर जागं व्हायच्या बेतात होतं आणि आत गेलेल्या मुलीची सावली पहारेकऱ्याकडे अडकलेली होती. मी चप्पल हातात घेऊन झाकणापाशी उभी, आणि दादा खांद्यावर बॅट टाकून मैदानाकडे निघालेला. मी ओरडून विचारलं, "पुढे काय होतं?" तो म्हणाला, "मला काय माहीत! आता मोठे झालो ना आपण." तो झाला असेल. मी झाले नव्हते.

पुढे दादा त्याच कारखान्यात लागला, जन्मभर त्याच भोंग्यावर कामाला गेला आणि निवृत्त झाल्यावर लोणीला घर बांधून राहिला. मी बँकेत नोकरी केली, लग्न केलं नाही, येरवड्याला लहानसा फ्लॅट घेतला. आई-बाबा गेले. झाकणाखालच्या राज्यात मात्र मी जात राहिले, एकटीच. बँकेतल्या कंटाळवाण्या मीटिंगमध्ये गेले, आईच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकावर बसून गेले. निवृत्तीनंतर ते लिहून काढलं. शेवट दादानं सांगितलाच नव्हता, तो मी माझ्या अकलेनं केला. जनावर जागं होतं, मुलगी त्याला शांत करते, पहारेकऱ्याकडून आपली सावली परत घेते आणि घरी येते. संपादकांना तो फार आवडला.

तर त्या संध्याकाळी माझी वाचायची वेळ आली तेव्हा मी झाकणाचाच भाग निवडला. एका डोळ्यानं वाचत होते, दुसऱ्यानं दादाकडे बघत होते. त्यानं मोबाइल वर धरला होता. माझा व्हिडिओ काढत होता. मी त्यात नीट दिसतेय ना, याच्यावरच त्याचं सगळं लक्ष. चटक्याच्या वाक्यापाशी मी थांबले आणि मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हातानं खूण केली, जरा डावीकडे सरक. मी सरकले.

नंतर कॉफी आणि वडे झाले. दादा दिसेल त्याला "माझी बहीण, माझी बहीण" म्हणून सांगत होता. त्याला इतका अभिमान वाटत होता की त्याच्यावर रागावणंही मला जमेना. जाताना म्हणाला, "वाचतो गं, सावकाश वाचतो."

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीत पेढे वाटले. शेजारणीनं दार अर्धं उघडून विचारलं, "रिडेव्हलपमेंटचं फायनल झालं का?" माझं पुस्तक आलंय म्हटल्यावर ती "अरे वा" म्हणाली, पेढा घेतला आणि दार लावलं. सत्कारात मिळालेला नारळ फोडून मी चटणी केली. एकट्या बाईला चटणी लागून लागून किती लागणार? बरेच दिवस तीच खात होते आणि दादाच्या फोनची वाट बघत होते. इतकं एकटं मला आई गेल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा काय हरवलंय ते निदान सगळ्यांना माहीत होतं.

अखेर फोन आला. "संपवलं गं पुस्तक. रविवारी जेवायला ये." त्यापलीकडे एक अक्षर नाही. लोणीच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी त्याची वाक्यं मनात तयार करत गेले. तो म्हणेल, लबाड कुठली, हे तर आपलं झाकण. मी म्हणेन, ओळखायला एवढे दिवस लागले?

वहिनीनं पुरणपोळी केली होती, पुस्तकाच्या आनंदात. जेवणं झाल्यावर दादा आणि मी ओट्यावर भाजलेल्या शेंगा घेऊन बसलो.

"कसं सुचतं गं तुला हे सगळं?" तो म्हणाला. "वाढलो तर एकाच घरात. मला खडकी म्हटलं की पाण्याची रांग आठवते आणि बाबांची सायकल."

मी म्हटलं, "आणि ते मागचं झाकण? चटका बसायचा ते?"

"झाकण होतं?" त्यानं खरंच आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. "असेल. नाही बुवा आठवत."

"दादा, हे सगळं तूच मला सांगायचास. जनावर, पहारेकरी, सावली. सगळं तुझं आहे."

तो मोठ्यानं हसला. "काहीतरीच काय! मला कधी रजेचा अर्ज धड लिहिता आला नाही."

"हे मात्र खरं हो," वहिनी आतून म्हणाली.

त्याला वाटलं, मी लाजून त्याला मोठेपणा देतेय. मीही हसले. खरं तर मला रडू येत होतं. त्या राज्यात आम्ही दोघं होतो याला आता माझ्याशिवाय कुणीच साक्षीदार उरला नव्हता, आणि मी तर गोष्टी लिहिणारी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

दादानं मूठभर शेंगा फोडल्या. मग दादा म्हणाला, "शेवट मात्र मला पटला नाही हं."

"का?"

"तिनं सावली परत घ्यायला नको होती." त्यानं तळहातावरची टरफलं फुंकली. "तिथेच राहू द्यायची त्याच्याकडे. म्हणजे मग परत जावंच लागलं असतं तिला. आणि त्या पहारेकऱ्यालाही सोबत झाली असती, बिचारा दाराशी एकटाच असतो."

आवाज खाली आणून, माझ्याकडे न बघता तो बोलत होता. झाकणापाशी बसून असाच बोलायचा. माझ्या अंगावर काटा आला. मी जन्मभर जो शेवट शोधत होते, तो हा होता. राज्य त्याला आठवत नव्हतं, पण तिथे काय घडायला हवं ते अजूनही त्यालाच माहीत होतं.

"दादा, हे आधी सांगायचंस ना," मी म्हटलं. "आता पुस्तक छापून झालं."

"आधी विचारलंस कुठे?" तो म्हणाला आणि पुढची शेंग उचलली.

मी विचारलं होतं. भर दुपारी, डाव्या पायातली चप्पल हातात धरून.