सहा चमचे हळद

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, देवापाशीसुद्धा नाही — देवापुढे हळदीचा करंडा असतो ना, तिथे तर मुळीच नाही.

आधी माझी खोड सांगते. मला आतलं बघायची हौस. मिक्सर, शिलाई मशीन, शाळेतली बंद पडलेली घंटा — उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. इकडे मध्य प्रदेशात, धारच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, म्हणून लोक या खोडीला हुशारी म्हणतात. म्हणोत बापडे.

दादाकडे, म्हणजे शेजारीच राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाकडे, बाबांची जुनी जीप आहे. चार वर्षांपूर्वी तिच्याखाली हिरवे थेंब दिसायला लागले. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळत होतं. पण कुठून? मी खाली वर्तमानपत्र पसरून, टॉर्च घेऊन आडवी झाले. सुटतं एकीकडून, टपकतं भलतीकडे — काय गंमत बघा! शेवटी बाबूभियांनी शोधलं. खालचा पाइप तडकला होता. त्यांनी तो बदलला, नवी क्लिप आवळली, जीप घरी आली.

बाबूभिया म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेले मिस्त्री, बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांचा एकच हेका: रेडिएटरमध्ये हळद टाकायची नाही. इकडचे ट्रकवाले टाकतात, गळती बुजते म्हणतात. बाबूभिया म्हणायचे, वो इलाज नहीं, बेईमानी है.

दुसऱ्या दिवशी जीपखाली पुन्हा एक थेंब. आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला — खरंच बुजते का हो हळदीनं? दादा आंघोळीला गेला होता. मी स्वयंपाकघरातला डबा उचलला, बॉनेट उघडलं, झाकण काढलं आणि घातली. दोन चमचे पुरले असते. मी सहा घातले. का? दोनानं काय होतं नि सहानं काय, हे मला कुठे ठाऊक होतं!

थेंब थांबला. मी इतकी खूश झाले म्हणून सांगू!

चार दिवसांनी दादा आईला घेऊन मांडूला निघाला. घाटात इंजिन तापलं, त्याचं हेड तडकलं, जीप जागीच बंद. आई दोन तास उन्हात दगडावर बसून होती. जीप ओढून गॅरेजवर आणली, रेडिएटर उघडला — आत पिवळा चिखल. नळ्या गच्च.

मी तिथेच होते. आत काय निघतं ते बघायला गेले होते, दुसरं काय!

दादा भडकला. काम टाळलंत, हळद टाकून मोकळे झालात, आमच्या आईचा जीव गेला असता — भर रस्त्यात, चारचौघांदेखत. बाबूभियांनी चिखल बोटावर घेतला, हुंगला. आवाज चढवला नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. आणि मी? मी पर्स उघडून काहीतरी शोधायला लागले.

दादानं गावभर सांगितलं. आमची मराठी घरं एकमेकांना विचारून मिस्त्री धरतात. एकेक करून सगळ्यांनी तिकडे गाड्या न्यायचं सोडलं. वर्षभरात शटर उतरलं. आता बाबूभिया देवासला जावयाच्या पंक्चरच्या दुकानात बसतात, असं ऐकते.

ते माझ्याकडेच का बघत होते, याचं मला कुतूहल वाटायला हवं होतं, नाही का? जगातल्या साऱ्या गोष्टींचं वाटतं. याचं नाही वाटलं. कारण मला ठाऊक होतं.

पाइप बदलून जीप परत आणली, त्या दिवशी दादा घरी नव्हता. किल्ली माझ्या हातात देताना बाबूभिया म्हणाले होते, "दीदी, आधी गळलेलं पाणी खालच्या पट्टीत अडकलंय. दो दिन टपकेगा, फिर अपने आप बंद. दादा को बोल देना."

मी दादाला बोलले नाही. बोलले असते तर करून बघायला उरलं काय असतं? गळती नव्हतीच. दुरुस्ती चोख होती. हे माहीत असून मी हळद घातली.

घरच्या बाईचं नाव चारचौघांत घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. म्हणून ते थांबले होते — मी बोलेन म्हणून. आणि मी पर्समध्ये घराची किल्ली शोधत होते. किल्ली हातातच होती.