गुरुवारवाल्या दीदी

दीदींना टाळ्या खपत नसत. आमच्या संरक्षण कारखान्यात नव्या सुपरवायझरांसाठी नेतृत्वाचा तीन दिवसांचा वर्ग त्या घेत. शेवटी आम्ही टाळ्या वाजवू लागलो की हात वर करून थांबवत. "राहू द्या, राहू द्या. अजून काहीच झालं नाही."

त्यांचं काम खरंच त्यानंतर सुरू होई. बाहेरचे प्रशिक्षक प्रमाणपत्रं वाटून संध्याकाळची गाडी पकडत. दीदी मात्र इथल्याच. राज्यं वेगळी झाली, नागपूर-वर्धा तिकडे महाराष्ट्रात गेलं आणि आमच्यासारखी काही मराठी घरं जबलपुरातच राहिली, त्यांतल्या. सुती साडीखाली जाड बूट घालून दर गुरुवारी त्या यंत्रांच्या विभागात, आमच्या मशीन शॉपमध्ये हजर होत. कामगार त्यांना 'गुरुवारवाली दीदी' म्हणत.

वर्गात मी स्वतःत बदलायच्या नऊ गोष्टी लिहिल्या होत्या. त्यांनी कागद वाचून परत दिला.

"वानखेडेजी, एवढं कोणालाच जमत नाही. एकच सांगा. आणि उद्या सकाळी शॉपमध्ये उभं राहून काय कराल, ते सांगा."

आठ गोष्टींवर काट मारून मी म्हटलं, "समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणार नाही." कारण ते मी रोज तोडत होतो. पनागरहून सायकलने येणारा रामदुलारे हा लेथवरचा सर्वांत जुना कारागीर. तो तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "मालूम है, मालूम है."

पुढच्या गुरुवारी दीदींनी मला काहीच विचारलं नाही. माझ्यासमोर रामदुलारेला विचारलं, "भैया, इस हफ्ते साहब ने पूरी बात सुनी?"

तो बुटांकडे बघत म्हणाला, "साहब के पास टाइम कम रहता है, दीदी."

असं तीन आठवडे चाललं. चौथ्यांदा मी तडक त्यांच्या खोलीत गेलो. "माझ्याच माणसांसमोर माझी इज्जत काढून राहिल्या तुम्ही. काहून?"

माझं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सवय त्यांच्यासमोरची आहे, तर बदलही त्यांनाच दिसला पाहिजे ना? माझ्या खोलीत तर सगळेच चांगले वागतात." आणि पुढे म्हटलं, "पण आधी तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."

पुढच्या गुरुवारी सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, "वानखेडेजी, विचारू का?" एवढा मान मिळाल्यावर नाही कसं म्हणणार?

त्यानंतरची एक सकाळ मला विसरता येत नाही. काम घाईचं होतं, तपासणीवाले येऊन बसले होते आणि रामदुलारे माझ्याकडे आला. "साहब, एक बात..." 'मालूम है' अगदी ओठांवर आलं होतं. मी जीभ दातांखाली दाबली. त्याने आधी पनागरचा पाऊस सांगितला, मग सायकल, आणि शेवटी हळूच म्हणाला, "चक की आवाज बदल गई है."

लेथ बंद करून आम्ही चक उघडला. घडवायचा तुकडा पकडून ठेवणाऱ्या त्याच्या जबड्याला आरपार तडा गेला होता. तो फिरता फिरता सुटला असता, तर समोर रामदुलारेचाच चेहरा होता. मी त्याच्याकडे वळलो.

"पहले क्यों नहीं बताया?"

"परसों बताने आया था, साहब," तो शांतपणे म्हणाला.

गुरुवारी मी हे सगळं दीदींना सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. पण त्या लेथवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग डोळे पुसले आणि शेजारच्या शॉपमध्ये गेल्या.

वर्षभरानंतर त्या महिन्यातून एकदाच येऊ लागल्या, मग तेही बंद केलं. "मी न येता टिकेल, तेच टिकलं म्हणायचं," असं त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर त्या बहिणीकडे वर्ध्याला गेल्या.

काही वर्षांनी त्या बहिणीचंच पत्र आलं. दीदी गेल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीआधी मी ते शॉपमध्ये हिंदीत वाचून दाखवलं. रामदुलारे पुढे झाला आणि दीदींबद्दल बोलू लागला. अडखळत, मधूनच भलतीकडे जात, पुन्हा परत येत. जेवणाचा भोंगा वाजला. त्याचा आवाज थांबेपर्यंत रामदुलारे थांबला, मग पुढे बोलू लागला. त्याचं संपेपर्यंत कोणीही जागचं हललं नाही.